पहिली बॅच फसते, दुसरी चालते: झिर्कोनोसीनच्या इथिलीन रनमधली एक चिवट तक्रार

तक्रार अशी. काचेचा जॅकेटवाला ५०० मिलीचा रिअॅक्टर, त्यात २०० मिली कोरडं टोल्युइन, ५० अंश सेल्सिअस, ३ बार इथिलीन. इथिलीनच्या साखळ्या जोडून पॉलिइथिलीन बनवायचं. उत्प्रेरक साधा झिर्कोनोसीन डायक्लोराइड (दोन कार्बन-वलयांमध्ये धरलेलं झिर्कोनियम), त्याला जागं करायला जोडीला अॅल्युमिनियमचं संयुग मेथिलअल्युमिनॉक्झेन, म्हणजे आपला नेहमीचा एमएओ. सकाळी साडेनऊला रन लावला की अर्ध्या तासानंतर आम्लमिश्रित मेथॅनॉलमध्ये ओतल्यावर चिमूटभर पांढरा चुरा मिळतो. भांडी धुऊन, वाळवून दुपारी तीच बॅच, तेच द्रावण, तीच सिरिंज, आणि पॉलिइथिलीन इतकं जमतं की स्टिररला अडकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिमूटभर. सोमवारी तर चिमूटही नाही.

हा प्रकार आमच्याकडे सात-आठ महिने चालला. प्रत्येक वेळी काहीतरी बदललं जायचं, दुपारची बॅच चांगली यायची, आणि 'सापडलं!' म्हणून सगळे खूष. टोल्युइन पाणी-ऑक्सिजन काढायला पुन्हा सोडियम-बेंझोफिनोनवर उकळलं: दुपारी चाललं. सेप्टम, म्हणजे सुई टोचायचं रबरी बूच, बदलला: दुपारी चाललं. एमएओची नवी बाटली उघडली: दुपारी चाललं. दुपारी ते कशानेही चाललं असतं. हे कळायला वेळ लागला, कारण वहीत आम्ही तारीख लिहायचो, वेळ लिहीत नव्हतो.

त्यातून सुरुवात झाली जूनमध्ये. पुण्याच्या आसपास काम करणाऱ्या कुठल्याही ऑर्गॅनोमेटॅलिक (धातू-कार्बन संयुगांच्या) माणसाला जूनमध्ये काही बिघडलं की कारण शोधायची गरजच वाटत नाही. पावसाळा आहे, दमटपणा आहे, बास. ओव्हनचं तापमान वाढवलं, भांडी रात्रभर १४० अंशांवर ठेवली, ती हवेत गार न करता व्हॅक्यूमखाली गार केली. हे सगळं चांगलंच आहे, करावंच. पण जानेवारीतही, जेव्हा इथली हवा अंग उलेल इतकी कोरडी असते, सकाळची बॅच मरतच होती. तेव्हा पावसाळ्यावरचा आरोप मागे घेतला.

मग जूनमध्ये नेमकं काय झालं होतं? एमएओ महाग पडतो म्हणून अॅल्युमिनियम-झिर्कोनियम गुणोत्तर आम्ही २००० वरून २५० वर आणलं होतं. उत्प्रेरकाच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं, दुपारच्या बॅचेस ते रोज दाखवत होत्या. पण एमएओ या व्यवस्थेत तीन नोकऱ्या करतो. झिर्कोनियमवरचा क्लोरिन काढून तिथे मेथिल बसवतो. मग एक गट ओढून घेऊन धातूवर धनभार आणि मोकळी जागा तयार करतो, जिथे इथिलीन येऊन बसतं. आणि तिसरी नोकरी म्हणजे आत शिरलेलं पाणी, ऑक्सिजन स्वतःच्या अंगावर घेणं. पहिल्या दोन कामांचा हिशोब प्रत्येकजण करतो. तिसरं काम तो गुपचूप करतो, आणि गुणोत्तर कमी केलं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. म्हणजे गळती जुनीच होती. आधी तिचं बिल एमएओ भरत होता.

गंमत अशी की एमएओचा जन्मच पाण्यातून झाला. हॅम्बुर्गमध्ये झिन आणि कामिन्स्की यांच्या गटाला १९७० च्या दशकात दिसलं की मेटॅलोसीन (झिर्कोनोसीन याच कुटुंबातलं) आणि ट्रायमेथिलअॅल्युमिनियमची एरवी सुस्त असणारी जोडी थोडं पाणी शिरल्यावर एकदम चवताळते. पाण्याने ट्रायमेथिलअॅल्युमिनियमचं अर्धवट जलविघटन होऊन जे बनलं, तोच हा पदार्थ. त्यामुळे 'थोडं पाणी बरंच असतं' असं म्हणणारा एक तरी सीनियर प्रत्येक लॅबमध्ये असतो. त्याला सांगा, मोजून घातलेलं पाणी वेगळं आणि चोरून आलेलं वेगळं.

चोरून आलेलं किती लागतं, ते एकदा कागदावर मांडून बघाच. २०० मिली टोल्युइन म्हणजे साधारण १७३ ग्रॅम. त्यात ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) पाणी असेल तर ८.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.४८ मिलिमोल. आमचा झिर्कोनियम २ मायक्रोमोल, त्याच्या २५० पट अॅल्युमिनियम म्हणजे ०.५ मिलिमोल. म्हणजे ५० पीपीएमचं टोल्युइन एकटंच जवळजवळ सगळा एमएओ खाऊन टाकू शकतं. ५ पीपीएमपर्यंत वाळवलं तरी पाणी झिर्कोनियमच्या २४ पट उरतं. पण तेवढं एमएओ सहज पचवतो. २००० च्या गुणोत्तरात आमच्याकडे ४ मिलिमोल अॅल्युमिनियम होतं. तेव्हा कुणाला काही कळलंच नसतं.

आता शोधायचं कसं, ते सांगतो. माझा क्रम असा आहे, आणि पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसा खर्च नाही.

आधी वही. गेल्या तीस-चाळीस रनची यादी करा आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: त्या दिवशीचा कितवा रन, आधीच्या रननंतर किती तास गॅसलाइन बंद होती, आणि मिळालेलं वजन. तारीख, ऋतू, कुणी रन लावला, हे सगळं झाकून ठेवा. आमचं चित्र पाच मिनिटांत स्पष्ट झालं. वजनाचा संबंध पावसाशी नव्हता, हाताशीही नव्हता (बिचाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हाताला उगाच दोष दिला गेला होता, तो सकाळी लवकर यायचा, एवढाच त्याचा गुन्हा). संबंध होता लाइन किती वेळ निपचित पडली होती त्याच्याशी. रात्रभर पडली तर वाईट, शनिवार-रविवार पडली तर फार वाईट.

मग इथिलीन किती वेगाने ओढलं जातंय त्याचा आलेख. मास फ्लो मीटर असेल तर उत्तमच, नसेल तर बॅलास्ट सिलिंडरचा (ज्या ठरावीक आकारमानाच्या टाकीतून इथिलीन येतं तिचा) दाब दर अर्ध्या मिनिटाला टिपा. अंतिम वजनापेक्षा हा आलेख दसपट बोलका असतो. सुरुवातीपासूनच सपाट असेल तर उत्प्रेरक घालण्याआधीच घात झालेला आहे: द्रावक, भांडं, किंवा आधी भरलेला गॅस. पाच-दहा मिनिटं सपाट आणि मग चढ, तर विष (उत्प्रेरक मारणारी अशुद्धी) आहे पण अॅल्युमिनियम ते हळूहळू संपवतंय. झटक्यात चढून झपाट्याने शून्याकडे, तर एकतर गॅसबरोबर विष सतत येतंय किंवा तापमान हातातून निसटलंय. चढून मग हळूहळू उतरत जाणं हे बहुतेक वेळा दुखणंच नसतं. गाळ दाटला, स्टिररला ढवळता येईना, इथिलीन द्रवात विरघळायला उशीर होतोय, एवढंच. आमची सकाळची रेघ मेलेल्या माणसाच्या ईसीजीसारखी सपाट होती, पहिल्या मिनिटापासून.

तापमानाबद्दल जरा थांबतो, कारण यात नवखी मंडळी नेहमी फसतात. एक ग्रॅम पॉलिइथिलीन बनताना सुमारे ३.४ किलोज्यूल उष्णता सुटते. २०० मिली टोल्युइन एक अंश तापवायला ३०० ज्यूलच्या आतबाहेर लागतात. म्हणजे मिनिटाला एक ग्रॅम बनत असेल आणि जॅकेटने काहीच ओढून घेतलं नाही, तर दर मिनिटाला ११ अंश चढ. 'रन ५० अंशांवर केला' असं लिहिणाऱ्या कितीजणांनी थर्मोकपल द्रवात बुडालेलं होतं की वर लटकत होतं ते पाहिलेलं असतं? झटक्यात चढून झपाट्याने मरणाऱ्या रनमध्ये आधी हेच बघा. आमच्या केसमध्ये याचा संबंध नव्हता.

तिसरी चाचणी माझी सगळ्यात आवडती. उत्प्रेरकाची मात्रा बदला, गुणोत्तर तेच ठेवा, बाकी काही हलवू नका, आणि वजन विरुद्ध मात्रा असा आलेख काढा. विष नसेल तर रेघ शून्यातून जाते. असेल तर ती आडव्या अक्षाला कुठेतरी उजवीकडे कापते, आणि जिथे कापते तितका उत्प्रेरक, त्याच्या एमएओसकट, रोज बळी जातोय. आम्ही तीन सकाळी तीन मात्रा घेतल्या: २ मायक्रोमोलला ०.४ ग्रॅम, ३ ला ४.३, ४ ला ८.१. दुपारी २ ला ७.९ आणि ३ ला ११.७. दोन्ही रेघांचा चढ जवळपास सारखा, मायक्रोमोलमागे चार ग्रॅमच्या आसपास. दुपारची रेघ शून्यातून, सकाळची दोनच्या थोडी अलीकडून. याचा अर्थ जे झिर्कोनियम जगलं ते सकाळीही तितकंच तडफदार होतं. आधी कुणीतरी ठरावीक खंडणी वसूल करून जात होतं. २ मायक्रोमोलबरोबर ०.५ मिलिमोल अॅल्युमिनियम जातं. म्हणजे रोज सकाळी साधारण अर्धा मिलिमोल अॅल्युमिनियम निकामी करणारं काहीतरी रिअॅक्टरमध्ये शिरत होतं. आता शोधायच्या गोष्टीला आकार आला. असा आकडा हातात नसताना पार्ट बदलत बसणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

गॅसलाइन आमची अशी: सिलिंडर, रेग्युलेटर, ऑक्सिजन धरणारा तांब्याचा कॉलम, मग ३ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्हचा कॉलम, छोटं बफर पात्र, स्टीलची पाव इंची नळी, आणि शेवटी रिअॅक्टर. (सीव्ह ३ चीच घ्या. ४ अँगस्ट्रॉमच्या भोकांत इथिलीन स्वतःच जाऊन बसतं, पाण्याला जागा उरत नाही.) नायट्रोजनही याच वाटेने यायचा. रन संपला की लाइनमध्ये नायट्रोजनचा हलका जास्तीचा दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद करायची पद्धत. साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, एकही बुडबुडा नाही. ३ बार नायट्रोजन भरून अर्धा तास ठेवलं, काटा जागचा हलला नाही. 'लाइन घट्ट आहे' असा शेरा वहीत तीन वेळा सापडला, त्यातला एक माझ्याच अक्षरात.

पण स्टीलची नळी आणि रिअॅक्टरचं झाकण यांच्यामध्ये वीतभर सिलिकॉनची नळी होती, जाळी गुंफलेली, दाब सोसणारी. झाकण वर-खाली करावं लागतं, तिथे काहीतरी लवचिक हवं, म्हणून कुणीतरी कधीतरी बसवलेली.

इथे हमखास येणारा आक्षेप: आत दाब जास्त, बाहेर कमी, मग हवा आत येईलच कशी? बाहेर जाईल फार तर. भोकातून होणाऱ्या गळतीला हे लागू आहे. रबराच्या भिंतीतून झिरपताना मात्र प्रत्येक वायू आपापला आंशिक दाब बघतो. आत नायट्रोजन १.२ बार असो की ४, ऑक्सिजनच्या दृष्टीने आत शून्य आणि बाहेर ०.२१ बार. पाण्याच्या वाफेच्या दृष्टीने आत शून्य, बाहेर पावसाळ्यात २५-३० मिलिबार. त्यांना उतार दिसतो, ते आत येतात. आणि नेहमीच्या रबर-प्लॅस्टिकमध्ये सिलिकॉनइतकं सताड उघडं दार दुसरं क्वचितच सापडेल. नायट्रोजन त्यातून तुलनेने सावकाश जातो, म्हणून आमचा अर्ध्या तासाचा काटा हलला नाही. ऑक्सिजन दुपटीहून जास्त वेगाने जातो, आणि पाण्याची वाफ तर शंभरपटीहून जास्त. साबणाचा बुडबुडा यातलं काहीच दाखवत नाही.

पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. बफर पात्र धरून लाइनचं आकारमान १०० मिली. ती पूर्णपणे बाहेरच्या हवेइतकी ऑक्सिजनने भरली तर त्यात ०.८६ मिलिमोल ऑक्सिजन मावतो. नळीची लांबी, भिंतीची जाडी आणि सिलिकॉनची पारगम्यता घालून मला रात्रभराचा आकडा यातल्या निम्म्याच्या आसपास मिळाला, आणि शनिवार-रविवारचा जवळजवळ पूर्ण. एक ऑक्सिजन रेणू दोन अॅल्युमिनियम-कार्बन बंधांची वाट लावू शकतो. अर्ध्या मिलिमोलची खंडणी इथेच जात होती. हा ढोबळ हिशोब आहे, पण सोमवार सगळ्यात वाईट का, हेही त्यातून आपसूक सुटतं.

आणि एवढं होऊनही ते रिअॅक्टरमध्ये गेलं नसतं, जर कुणी सकाळी लाइन झाडून घेतली असती. रिअॅक्टरला तीन वेळा व्हॅक्यूम-नायट्रोजन दिला जायचा, अगदी निष्ठेने. लाइनला नाही. कारण 'ती तर नायट्रोजनखालीच आहे'. मग एमएओ घातलेल्या रिअॅक्टरवर इथिलीनचा व्हॉल्व्ह उघडला की रात्रभर मुरलेला तो १०० मिलीचा घोट सगळ्यात आधी आत. पहिली बॅच त्या घोटावर मरायची, आणि मरता मरता लाइन स्वच्छ करून जायची. दुपारी दुसरी बॅच खुशाल चालायची.

खात्री करायला निळा केटिल वापरला, म्हणजे सोडियम-बेंझोफिनोनचा तो रंग, जो ऑक्सिजन किंवा पाणी लागलं की उडतो. टोल्युइन वाळवण्याच्या भांड्यातलं सोडियम-बेंझोफिनोनचं गडद द्रावण थोडं काढून, कोरड्या टोल्युइनमध्ये शाईच्या पाण्याइतकं फिकं केलं आणि त्यातून नायट्रोजन सोडला. सीव्हच्या कॉलममधून थेट घेतला तर दहा मिनिटं निळा निळाच. सकाळी सिलिकॉनच्या टोकाकडून पहिला गॅस घेतला तर पहिल्या काही बुडबुड्यांतच रंग मळला, आणि अर्ध्या मिनिटात पाण्यासारखा. एका नजरेत निकाल. हे सात महिने आधी केलं असतं तर, वगैरे वगैरे.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. नळी काढून टाका; तिच्या जागी पाव इंची स्टील नळीचं दोन-तीन फेऱ्यांचं सैल वेटोळं बसवा, झाकण हलायला तेवढी लवचिकता पुरते. स्टीलची नागमोडी लवचिक नळी मिळाली तर आणखी बरं. आणि दिवसाचा पहिला रन लावण्याआधी लाइन रिअॅक्टरला न जोडता बबलरमधून बाहेर, फ्यूमहूडमध्ये, दहा मिनिटं वाहू द्या. आधी नायट्रोजन, मग इथिलीन. इथिलीन सोडताना आसपास ठिणगी, हॉट प्लेट काही नको. नळी बदलल्यानंतरही पर्ज चालू ठेवला, कारण स्टीलच्या भिंतीला चिकटलेलं पाणी सावकाशच निघतं. आता सकाळची २ मायक्रोमोलची बॅच ७.५ च्या खाली गेलेली नाही.

एमएओ वाढवून हे झाकता आलं असतं का? आलं असतं, वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. पण पैशांखेरीजही त्याची किंमत मोजावी लागते. पॉलिमरमध्ये अॅल्युमिनियमची राख उरते. एमएओबरोबर येणारं मोकळं ट्रायमेथिलअॅल्युमिनियम वाढलं की साखळ्या झिर्कोनियमवरून अॅल्युमिनियमवर उड्या मारतात आणि रेणुभार खाली येतो. रेणुभाराचा इथे निदानालाही उपयोग आहे: वजन पडलं पण रेणुभार तोच राहिला, तर काही केंद्रं मेली आणि उरलेली नीट चालली, म्हणजे विषबाधा. दोन्ही पडले तर तापमान किंवा साखळी-हस्तांतरणाकडे बघा.

तुमची दुसरी बॅचही फसत असेल तर मात्र तुमचं दुखणं वेगळं आहे. एमएओची बाटली उजेडात धरा: जेलीसारख्या गाठी किंवा तळाशी पांढरा थर दिसत असेल तर ती म्हातारी झाली. लेबलवरची संहती आता खोटी. ती टाकून द्यायची तर टोल्युइनने भरपूर पातळ करून, बर्फात ठेवून, नायट्रोजनखाली आयसोप्रोपॅनॉलचे थेंब थेंब सोडत मारा. थेट मेथॅनॉल किंवा पाणी ओतायला जाऊ नका. हाताशी कोरडी वाळू हवी, एकटं असताना करू नका. नवा सिलिंडर लावल्यापासून बिघडलं असेल तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्या. सीव्ह त्याला अडवत नाही, आणि काही पीपीएम पुरतो.

आणि रिअॅक्टरमध्ये आधी कुणी काय केलं होतं ते विचारा. म्युलहाइममध्ये झीग्लरच्या गटाचं १९५३ च्या आगेमागे असंच झालं होतं. अॅल्युमिनियम अल्किलवर इथिलीनच्या लांब साखळ्या वाढायच्या ऐवजी अचानक नुसतं ब्युटीन यायला लागलं. पाठपुरावा केल्यावर निघालं ते ऑटोक्लेव्हमध्ये राहून गेलेलं निकेल. त्यांनी ते धुऊन विषय संपवला नाही. निकेल असं करतं तर इतर धातू काय करतात, म्हणून एकेक तपासत गेले, आणि त्यातून झिर्कोनियम, मग टायटॅनियमपर्यंत पोचले. १९६३ चं नोबेल नात्ताबरोबर झीग्लरला मिळालं त्याची एक वाट त्या अस्वच्छ भांड्यातून जाते. आमच्याही रिअॅक्टरमध्ये मध्यंतरी कुणीतरी निकेल-डायइमाइन (इथिलीनचाच निकेलवाला उत्प्रेरक) चालवलं होतं, आणि पुढच्या दोन बॅचेसचा वितळणबिंदू उगाच खाली आला होता. तेव्हापासून निकेलसाठी वेगळं भांडं, वेगळा स्टिरर, झाकणावर लाल पट्टी.

काढलेली सिलिकॉनची नळी फेकली नाही. कंडेन्सरच्या पाण्याला ती उत्तम चालते.